न पाहिलेल्याचं स्मरणचित्र

शाळेत एकतीस वर्षं मी चित्रकला शिकवली. म्हणजे नक्की काय केलं, तर मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसवलं. ज्यांनी या परीक्षा दिल्या आहेत त्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. भाजीबाजार, बसथांब्यावरची गर्दी, पतंग उडवणारी मुलं असा काहीतरी विषय यायचा आणि समोर काही नसताना नुसत्या आठवणीवर माणसं उभी करावी लागायची. धड मुलांना जमतं, डोकंही जमतं. घोडं अडतं ते पावलांपाशी. तेव्हा मी त्यांना एक मंत्र दिला होता, जो अभ्यासक्रमात नव्हता. पाऊल जमत नसेल तर पुढे गवत काढा. हात जमत नसेल तर खिशात घाला. त्यामुळे माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांच्या चित्रांत भाजीबाजारसुद्धा भर हिरवळीवर भरायचा. परीक्षकांनी कधी हरकत घेतली नाही. त्यांच्याही मास्तरांनी त्यांना हेच शिकवलं असावं.

हा मंत्र माझ्यावरच उलटला तो १९९४ साली. 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला होता आणि गावातली सगळी पोरं हाताचे पंजे वाकवून गुरगुरत फिरत होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर डायनोसॉर काढायला सांगितलं. "मोठा काढा," एवढीच सूचना होती. मी लांब मानेचा, लांब शेपटीचा, स्वभावाने गरीब वाटेल असा एक निवडला. मान हत्तीच्या सोंडेवरून घेतली, अंग म्हशीवरून, शेपूट पालीवरून. पायांशी आल्यावर हात थबकला. याच्या पायाला बोटं किती? नखं कशी? शाळेच्या वाचनालयातल्या एकमेव पुस्तकात तो पाण्यात उभा होता. त्या चित्रकाराचीही पावलांची अडचण असावी. मी माझा मंत्र वापरला आणि गुडघाभर गवत काढलं. हिरव्याच्या तीन छटा, मधूनमधून पिवळी पाती. त्या भिंतीवरचं सर्वात उत्तम काम तेच होतं.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून विज्ञानाचे एक प्राध्यापक आले. भिंतीपुढे थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गवत कोणी काढलं?" मी अभिमानाने पुढे झालो. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं. ते सगळे मेल्यावर गवत आलं."

आजूबाजूला सातवी ब उभी होती. माणसाला आयुष्यात कितीही मोठे पराभव पचवता येतात, पण सातवी ब समोर नसावी. रविवारी मी एकटाच शाळेत गेलो आणि गवतावर मातकट रंगाचे दोन हात मारले. मग पाय उघडे पडले. तेव्हा चारी पायांना हत्तीसारखी नखं काढली आणि मनात म्हटलं, आता हे चुकलं असेल तर पुढच्या प्रदर्शनात कळेल. पुढच्या प्रदर्शनाआधी भिंतीला चुना लागला.

निवृत्त झाल्यावर नात माझ्याकडे अभ्यासाला बसू लागली. तिच्यामुळे या प्राण्यांचं वाचन पुन्हा सुरू झालं आणि एक मोठा दिलासा मिळाला. गवतात पाय लपवणारा, शिंग भलतीकडे लावणारा, डोकं शेपटीला जोडणारा असा मी एकटाच नाही. दोनशे वर्षांची थोर परंपरा आहे.

या परंपरेचे आद्य मूर्तिकार म्हणजे लंडनचे बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स. मूर्तिकार हा शब्द मी जपून वापरतोय. सिडनहॅमच्या बागेत १८५४ साली त्यांनी प्रागैतिहासिक प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे केले, आणि ते कसे केले हे वाचताना मला नागपूरच्या चितारओळीतले गणपती आठवत राहिले. आधी शाडूसारखी माती, तिचा साचा, मग आतला सांगाडा. त्यांनी इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या उभ्या पुतळ्याचा खर्डा जाहीर भाषणात वाचून दाखवला होता. लोखंडाचे चार खांब, ६०० विटा, ६५० अर्धगोल कौलं, ९०० साधी कौलं, सिमेंटची ३८ पिंपं, दगडाच्या खडीची ९० पिंपं. आमच्या गच्चीवर एक खोली चढवली तेव्हा कंत्राटदाराने दिलेला खर्डा जवळपास असाच होता, फक्त त्यात शेपूट नव्हती.

या इग्वानोडॉनच्या साच्यात बसून हॉकिन्स यांनी ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री विद्वानांना जेवू घातलं. टेरोडॅक्टिलच्या पंखाच्या चित्रावर निमंत्रणं लिहिली होती. पाहुणे वीसेक होते. सगळे पोटात मावले नाहीत, म्हणून काहींची पंगत बाजूला मांडली. 'डायनोसॉर' हे नाव ज्यांनी १८४२ मध्ये ठेवलं ते रिचर्ड ओवेन डोक्याच्या बाजूला बसले होते, हे त्यांच्या एकंदर स्वभावाला धरूनच झालं. ज्या गिडियन मँटेल नावाच्या डॉक्टरने दातांवरून हा प्राणी पहिल्यांदा ओळखला, ते वर्षभरापूर्वीच वारले होते. लग्नात ज्याने स्थळ आणलं तोच पंगतीला नसावा, तसं हे वाटतं.

आणि या पुतळ्याच्या नाकावर एक टोकदार शिंग होतं. मँटेलना हाडांच्या ढिगात एक शंकू सापडला होता. हा कुठे लावायचा? गेंड्याला नाकावर शिंग असतं, म्हणून याच्याही नाकावर. पुढे १८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत, तीनशे मीटरहून खोल, तीसच्या वर इग्वानोडॉन सापडले, आणि लुई डोलो यांना दिसलं की तो शंकू अंगठ्याचा आहे. प्राण्याने पंचवीस वर्षं लंडनच्या बागेत स्वतःचा अंगठा नाकावर घेऊन उभं राहायचं म्हणजे काय! तो अजून तसाच उभा आहे. पुतळे मोडले नाहीत, त्यांच्या चुकाही सुधारल्या नाहीत, उलट जतन केलेत. आमच्या शाळेने तेवढी कळ काढली असती तर!

डोलोंनीही त्याला कांगारूसारखा शेपटीवर टेकवून उभा केला. नंतरच्या लोकांच्या लक्षात आलं की शेपूट त्या बाकात बसवायची तर मोडूनच बसवावी लागते. आता तो पुढे झुकून, शेपूट मागे आडवी धरून चालतो. एकाच प्राण्याने दोनशे वर्षांत गेंडा, कांगारू आणि आता वेगळंच काहीतरी, अशा तीन भूमिका केल्या. हाडं तीच होती. दर वेळी चित्रकार बदलला आणि चित्रकाराने आयुष्यात पाहिलेली जनावरं बदलली.

अमेरिकेचे एडवर्ड कोप तर याहून पुढे गेले. त्यांनी इलास्मोसॉरस या लांब मानेच्या समुद्री प्राण्याचं डोकं शेपटीच्या टोकाला बसवून चित्र छापलं. चूक दाखवून दिल्यावर त्यांनी छापील प्रती परत गोळा करायचा सपाटा लावला. मला ही धडपड फार जवळची वाटली. चुन्याची बादली त्यांच्याकडे नव्हती एवढंच.

नातीला हे सांगितल्यावर ती खो खो हसली. मग मला म्हणाली, "आबा, पण हाडं असतात ना? मग चुकतं कसं?"

प्रश्न बरोबर होता. मी तिला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आणून दाखवला. आमच्याकडे विदर्भात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं हे चाकांवरचे बैल ओढत मिरवतात. म्हटलं, समज, आणखी काही कोटी वर्षांनी कोणाला बैलाची नुसती हाडं मिळाली. शिंगाचा गाभा हाडाचा, तेव्हा शिंगं येतील. पण वशिंड? ते मांसाचं आणि चरबीचं. त्यात स्वतंत्र हाड नाही. गळ्याखालची लोंबती पोळी? नुसती कातडी. कान? नाहीत. म्हणजे तो चित्रकार सपाट पाठीचा, बिनकानाचा, सुकलेला बैल काढील आणि खाली लिहील, चपळ शिकारी. हत्तीची सोंड तर राहूच दे. तिच्यात एकही हाड नाही. आपल्या गणपतीचं काय होईल याचा विचार न केलेलाच बरा.

कोंबड्याच्या तुऱ्यातही हाड नसतं. हे मी सहज बोलून गेलो आणि नंतर वाचलं की कॅनडातल्या अल्बर्टात एडमोंटोसॉरस या बदकतोंड्या डायनोसॉरचा एक असा नमुना मिळाला, ज्यात कातडीचा ठसा टिकला होता. त्याच्या डोक्यावर कोंबड्यासारखा मांसल तुरा निघाला. ही गोष्ट २०१३ सालची. त्याआधीची शंभरेक वर्षं सगळ्यांनी त्याला बोडका काढला होता. एवढी हाडं मिळाली होती त्याची, पण हाडांनी तुऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

रंगांच्या बाबतीत आम्ही चित्रकलावाले निश्चिंत होतो. रंग काही दगडात टिकत नाही, तेव्हा हिरवट करडा मारला की कोणी तोंड उघडू शकत नसे. तोही आधार गेला. चीनमधून १९९६ साली सायनोसॉरॉप्टेरिक्स नावाचा कोंबडीएवढा डायनोसॉर उजेडात आला. त्याच्या अंगावर मऊ तंतूंसारखी पिसं होती. २०१० मध्ये त्या पिसांतले सूक्ष्म रंगकण तपासले तेव्हा तो विटकरी-तांबूस निघाला. शेपटीवर तर विटकरी आणि पांढऱ्या रंगाची एकाआड एक वलयं. शाळेत एखाद्या पोराने पट्ट्यापट्ट्याच्या शेपटीचा तांबडा डायनोसॉर काढला असता तर मी त्याला उभं करून विचारलं असतं, "हे काय लोकरीचं मांजर आहे?" कदाचित विचारलंही असेल. नावं आठवत नाहीत, नाहीतर पत्रं लिहून माफी मागितली असती.

आता अंड्याची गोष्ट. आमच्या नातेवाइकांचा एक ग्रुप आहे. गेल्या उन्हाळ्यात भाच्याने काटोल रस्त्यावरच्या शेतातून एक गोल दगड आणला. पपईएवढा, वरून साल सुटत आलेली, आत पुन्हा गुळगुळीत गोळा. त्याने फोटो टाकून लिहिलं, "डायनोसॉरचं अंडं सापडलं!!" दहा मिनिटांत अठ्ठावीस उत्तरं. त्यातली अकरा हात जोडलेली होती, चार "छान", एक "शुभ सकाळ", आणि मोठ्या मामीने विचारलं होतं की हे घरात ठेवलेलं चालतं का. मलाही राहवलं नाही. चित्रकलेतल्या माणसाची उत्सुकता वेगळी. मी भाच्याला दगडासकट आमच्या गल्लीतल्या साहेबांकडे नेलं.

साहेब भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेत. त्यांनी दगड हातात न घेताच सांगितलं, "काळा कातळ." आमच्या भागातला बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि आत गोळे उरतात. नागपूरच्या पश्चिमेला अशी अंडी रस्त्याच्या कडेला ट्रकने मिळतील. भाच्याचा चेहरा पडला. त्याला बरं वाटावं म्हणून साहेब पुढे म्हणाले, "खरी चीज या कातळाखाली असते. लाव्हा वर पसरायच्या आधीचे थर. आपल्याकडे ते फार थोड्या जागी उघडे आहेत. पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांच्या डोक्यावर शेकडो मीटर कातळ आहे, त्यांनी कितीही खणलं तरी त्यांच्या नशिबी डायनोसॉर नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो वैदर्भीय आनंद पसरला, तो मी कधीतरी जलरंगात पकडणार आहे.

मग त्यांनी हाड ओळखायची युक्ती सांगितली. जुन्या हाडात बारीक छिद्रं असतात, ते ओलावा ओढतं. जिभेला लावलं की चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. एवढं बोलून कपाटातून बटाट्याएवढा एक करडा गोळा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी विद्यार्थ्याच्या निष्ठेने तो जिभेला लावला. चिकटल्यासारखा वाटला, आणि नाहीसाही वाटला. पुन्हा लावला.

"कशाचं हाड आहे, साहेब?"

"हाड नाही, मास्तर. पिसदुऱ्याचं आहे. डायनोसॉरची विष्ठा."

साहेबांनी नंतर बऱ्याचदा समजावलं की ते आता पूर्ण दगड झालंय, त्यात काही उरलेलं नाही. पण बातमी आमच्या आधी घरी पोहोचली होती. त्या दिवसापासून आमच्याकडे माझा कप वेगळा आहे.

पिसदुरा हे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं गाव. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं आणि या दगड झालेल्या लेंड्या मिळतात. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉर गटाच्या हाडांबरोबर मिळतात, म्हणून त्या त्यांच्याच मानतात. आणि इथे साहेबांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठलो. भारतीय शास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लेंड्या कुटून, धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. गवताच्या पेशींत सिलिकेचे बारीक कण असतात. पात्याने बोट कापतं ते त्यांच्यामुळेच. झाड कुजून गेलं तरी हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पती ओळखता येते. पिसदुऱ्याच्या लेंड्यांत त्यांना असे कण सापडले. म्हणजे गवत. एक नाही, निदान पाच प्रकारचं. हे संशोधन २००५ साली 'सायन्स'मध्ये आलं आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून गेलं.

मी साहेबांना विचारलं, "म्हणजे माझं गवत बरोबर होतं?"

"कोणतं गवत?"

मग त्यांना १९९४ सांगावं लागलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शास्त्रज्ञाला शोभेलसं मला लगेच खाली आणलं. गवत होतं, पण तो त्या जनावरांच्या जेवणाचा छोटासा भाग. ताटातल्या कोशिंबिरीएवढा. मुख्य खाणं दुसऱ्या झाडांचं. गुडघाभर कुरणाला पुरावा नाही. "चार पाती काढली असतीत तर आज मान्य केलं असतं," ते म्हणाले. म्हणजे त्या प्राध्यापकांचं चुकलं आणि माझंही. पण माझं कमी चुकलं, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं. शिवाय ज्याने चुकून, आळसाने, पाय लपवायला म्हणून काढलेलं गवत अकरा वर्षांनी लेंडीतून खरं ठरतं, त्याला थोडी सवलत असावी.

या लेंड्यांचं आणि चित्रकलेचं नातं जुनं आहे, हे मला नंतर कळलं. पुरातन काळाचं पहिलं गाजलेलं निसर्गचित्र हेन्री द ला बीश यांनी १८३० मध्ये काढलं. इंग्लंडच्या लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावात मेरी अॅनिंग नावाची बाई कड्यांतून जीवाश्म काढून विकायची. गरीब, फारसं न शिकलेली, पण सांगाडे तिने काढायचे आणि शोधनिबंध साहेब लोकांनी लिहायचे असा कारभार होता. ती अडचणीत आली तेव्हा द ला बीश यांनी तिला सापडलेल्या प्राण्यांचं एक जलरंगचित्र काढलं, त्याच्या छापील प्रती विकल्या आणि पैसे तिला दिले. चित्रात सगळे सगळ्यांना खात आहेत. एक प्लेसिओसॉर तर इतका घाबरलाय की त्याने पाण्यातच उरकलंय, आणि चित्रकाराने तेही इमानाने काढलंय. त्यात वात्रटपणा होताच, पण शास्त्रही होतं, कारण हे दगड म्हणजे विष्ठा आहे हे नुकतंच विल्यम बकलंड यांनी मांडलं होतं आणि त्यामागे मेरीचं निरीक्षण होतं. बकलंड यांच्याकडे अशा कापलेल्या लेंड्या जडवलेलं एक टेबलही होतं. ते अजून लाइम रीजिसच्या संग्रहालयात आहे. मी घरी हे मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. कपाच्या बाबतीत काही फरक पडला नाही.

मेरीची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिच्यावर मात्र माझं मन बसलंय. माकुळासारख्या प्राण्यांच्या जीवाश्मांत वाळलेली शाईची पिशवी मिळायची. तिने ती शाई पाण्यात कालवली आणि १८३३ च्या एका पत्रात त्याच शाईने इक्थिओसॉरची कवटी काढून पाठवली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावराचं चित्र, त्याच्याच शेजाऱ्याच्या शाईने. मी आयुष्यभर पोस्टर कलरच्या बाटल्या, वाळल्या म्हणून फेकून दिल्या.

आपल्याकडे सांगायला अशा गोष्टी कमी नाहीत, पण सांगतो कोण? ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या स्लीमन यांनी १८२८ साली जबलपूरजवळ डायनोसॉरची हाडं गोळा केली, 'डायनोसॉर' हा शब्द जन्मायच्या चौदा वर्षं आधी. त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस हे भारी नाव ठेवलं. नंतर मणके हरवले. कोट्यवधी वर्षं जमिनीत नीट राहिलेली वस्तू माणसाच्या कपाटात हरवते, याचं नागपूरकराला नवल वाटायचं कारण नाही. २०१२ साली कोलकात्यात जुन्या संग्रहातून एक मणका पुन्हा उत्खननात निघाला, म्हणजे धूळ झटकून.

हा मणका शोधणाऱ्यांत धनंजय मोहबे होते, आणि त्यांची दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे १९८४ मध्ये त्यांना डायनोसॉरचं घरटं मिळालं. अंडी आणि शेजारी छोटी हाडं. त्यांनी ती नुकत्याच फुटलेल्या पिल्लाची म्हणून नोंदवली. पुढे २००१ मध्ये जेफ्री विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने तोच दगड पाहताना म्हटलं की यातले काही मणके सापाचे आहेत. नीट साफ केल्यावर दिसलं की पिल्लूही आहे, आणि फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून साडेतीन मीटरचा साप बसलाय. तेवढ्यात कडेची माती ढासळली असावी आणि सगळेच जागच्या जागी गाडले गेले. साप, सावज आणि अंडी. मोहबे यांनी आपलं जुनं वाचन सोडलं आणि २०१० मध्ये नव्या शोधनिबंधावर विल्सन यांच्याबरोबर तेही होते. त्या सापाला सनाजेह नाव मिळालं. कोप यांनी प्रती गोळा केल्या, मी चुना लावला. या गृहस्थांनी साप मान्य केला.

नागपंचमीला मी पाटावर गंधाने नाग काढतो. यंदा नातीने आग्रह करून त्याच्या वेटोळ्यात एक अंडं काढायला लावलं. आजी म्हणाली, "हे काय?" नात म्हणाली, "खरा असाच सापडला." पूजा झाली.

आणि मग शाळेतून प्रकल्प आला. 'भारतातील एक प्रागैतिहासिक प्राणी : चित्र व माहिती.' आम्ही बारापासॉरस निवडला, कारण तो जवळचा. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या पलीकडे, आता तेलंगणात असलेल्या पोचमपल्लीजवळ त्याची हाडं मिळाली. खणणारे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे. आकडेमोड करणाऱ्या संस्थेने डायनोसॉर का खणावा हे मला समजलं नाही, पण मोजायला काहीतरी मोठं हवं असेल. बंगालीत 'बारा' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय, म्हणून बारापासॉरस. आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, म्हणून पुढे टागोरी. जगात कवीच्या नावाचा, चौदा मीटर लांब, इतका शांत प्राणी दुसरा कुठला असेल असं वाटत नाही. निदान सहा जनावरांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं मिळाली. पाय, मणके, बरगड्या, काही दात.

कवटी मिळाली नाही.

आता करायचं काय? चित्रकार अशा वेळी जवळच्या नातेवाइकाचं डोकं उसनं आणतात, तेव्हा मी नातीला तेच सुचवलं. मग माझा जुना मंत्रही सांगून पाहिला. मान झाडात घाल, पाला खातोय म्हणून सांग. तिने दोन्ही नाकारलं. तिने पाय नीट काढले, गवताची मोजून चार पाती काढली, मान वर नेली, आणि जिथे डोकं यायला हवं तिथे कागद तसाच कोरा सोडला. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं : "डोके सापडल्यावर काढू." मग थोडा विचार करून मागच्या बाजूला तीन लेंड्या काढल्या.

आठ दिवसांनी वही परत आली. लाल शाईत शेरा होता : "माहिती चांगली. चित्र अपूर्ण." खाली पालकांची सही मागितली होती. तिची आई ऑफिसला गेली होती, म्हणून मी केली.